अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर बुरशी परत परत येते? औषध बदलण्याआधी पाणी तपासा

अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यात राहणारा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कल्ले असणारा उभयचर प्राणी. तो पाळणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार सारखीच असते. अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यावर पांढरा, कापसासारखा पुंजका दिसतो. मिठाच्या पाण्यात ठेवलं की दोन-चार दिवसांत पुंजका गळून पडतो आणि प्राणी पुन्हा खायला लागतो. पंधरवडा-महिना बरा जातो, मग तोच पुंजका, बऱ्याचदा त्याच कल्ल्यावर, परत. पुन्हा मीठ, पुन्हा आराम, पुन्हा बुरशी. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की कल्ल्यांचे तंतू विरळ होतात, नुसते देठ उरतात, आणि मालक आणखी कडक औषधाच्या शोधात निघतो.

कृपा करून तिथेच थांबा. औषध कमी पडलेलं नसतं. ही बुरशी बहुतेक वेळा सॅप्रोलेग्निया जातीची असते आणि तिचे बीजाणू प्रत्येक टाकीत कायम असतात. कितीही स्वच्छता पाळली तरी ते संपत नाहीत आणि संपवायची गरजही नाही. धडधाकट अ‍ॅक्सोलॉटलच्या अंगावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो, त्यावर या बीजाणूंना पाय रोवता येत नाहीत. त्यांना लागतं ते मेलेलं किंवा दुखावलेलं ऊतक. म्हणून बुरशी परत आली याचा अर्थ एवढाच, की कुठलीतरी गोष्ट कल्ल्यांना पुन्हा पुन्हा इजा करते आहे. ती शोधली नाही तर औषधाला शेवट नाही.

इजा करणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: पाण्यातला अमोनिया किंवा नायट्राइट, उष्णता, चावा, जोराचा प्रवाह, आणि अतिरेक झालेला उपचार. शेवटचं वाचून आश्चर्य वाटेल, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीतली बुरशी पुष्कळदा मिठानेच ओढवून आणलेली असते. त्याकडे येतोच.

ती बुरशीच आहे ना, हे आधी बघा

खरी बुरशी पाण्यात फुललेली दिसते. बारीक पांढरे धागे सगळ्या बाजूंनी उभे असतात आणि प्राणी हलला की तेही हलतात. कडा धूसर असते. हा झाला पहिला प्रकार, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

डाग सपाट, राखाडी किंवा पिवळसर असेल, त्याचे धागे उभे दिसत नसतील आणि त्याखालची कातडी किंवा कल्ल्याची कड झिजत चालली असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. असा संसर्ग गरम पाण्यात फार झपाट्याने पसरतो. त्यावर घरगुती उपाय करत बसू नका, उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. पोटावर किंवा पायांवर लाल चट्टे, उघडे व्रण, अंगात पाणी भरल्यासारखी सूज, यांपैकी काही दिसलं तरीही तेच करायचं.

आणखी दोन गोष्टी बुरशी म्हणून मिठात घातल्या जातात. एक म्हणजे मोठ्या वयाच्या काही अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर दिसणारे चमकदार चंदेरी ठिपके. त्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत, आजार नाही. टॉर्चच्या उजेडात त्या चकाकतात, बुरशी चकाकत नाही. दुसरी म्हणजे कल्ल्यात अडकलेला अन्नाचा किंवा शेवाळाचा कण. अ‍ॅक्सोलॉटल मधूनमधून कल्ले झटकतो. कण असेल तर दोन-चार झटक्यांत निघून जातो. खात्री करायला म्हणून प्राण्याला पाण्याबाहेर उचलू नका. त्याची कातडी हाताळण्यासाठी बनलेली नाही.

पहिलं काम: प्राणी टबात

टाकीत काय बिघडलंय हे अजून माहीत नाही. ते कळेपर्यंत अ‍ॅक्सोलॉटलला त्या पाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. अन्न ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, ज्यात तो अंग वळवून आरामात फिरू शकेल आणि कल्ले पूर्ण बुडतील. साबण कधीच न लागलेला डबा असेल तर उत्तम. झाकणाला भोकं पाडा. अ‍ॅक्सोलॉटल उडी मारतो आणि रात्री मारतो, त्यामुळे झाकण हवंच.

पाणी रोज पूर्ण बदलायचं, शंभर टक्के. टबात फिल्टर नाही, तेव्हा अमोनिया साठू न देण्याचा हा एकच मार्ग. नवीन पाण्यातलं क्लोरीन आधी काढलेलं असलं पाहिजे आणि त्याचं तापमान टबातल्या पाण्याइतकंच असलं पाहिजे. दोन सारखे डबे ठेवले तर सोपं जातं: एकात पाणी तयार करून त्याच खोलीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी प्राणी त्यात. उचलायला बारीक, मऊ जाळी किंवा चक्क एखादा वाडगा पाण्यासकट वापरा.

क्लोरीनबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे साध्या क्लोरीनपुरतं बरोबर आहे. पण काही ठिकाणी पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरतात, ते असं उडून जात नाही. त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावणच लागतं. शिवाय क्लोरामाइन तोडल्यावर त्यातला अमोनिया पाण्यात मोकळा होतो, म्हणून दोन्ही सांभाळणारं द्रावण घ्या. कोरफडीचा अर्क घातलेली, ‘कातडीच्या संरक्षणासाठी’ म्हणून विकली जाणारी द्रावणं माशांसाठी ठीक असतील, अ‍ॅक्सोलॉटलसाठी टाळा.

टब शांत, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. कित्येकदा सुरुवातीची बारीकशी बुरशी एवढ्यानेच मागे हटते. स्वच्छ, गार पाणी हेच या प्राण्याचं पहिलं औषध आहे, आणि मीठ हातात घेण्याआधी त्याला दोन दिवस द्यावेत असं माझं ठाम मत आहे. पुंजका झपाट्याने वाढत असेल तर मात्र वाट बघू नका.

मीठ: किती, कसं, आणि कुठे थांबायचं

मीठ साधं हवं. आयोडीन नको, मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली भुकटी नको. एका लिटरला १० ग्रॅम हे प्रमाण पुरेसं आहे, १५ ग्रॅमच्या वर जाऊ नये. मीठ पूर्ण विरघळवा, तापमान टबाइतकं आणा, प्राण्याला १० मिनिटं ठेवा आणि लगेच साध्या ताज्या पाण्यात परत न्या. १५ मिनिटांच्या पुढे कधीच नाही. तो धडपडायला लागला, उलटा व्हायला लागला तर घड्याळ न बघता बाहेर काढा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. तीन-चार दिवसांत फरक दिसायला हवा.

हे इतक्या काटेकोरपणे का, ते समजून घेतलं तर चूक होणार नाही. या प्रमाणातलं पाणी अ‍ॅक्सोलॉटलच्या शरीरातल्या द्रवापेक्षा खारट असतं. त्यामुळे बुरशीच्या धाग्यांतून जसं पाणी ओढलं जातं, तसंच त्याच्या स्वतःच्या कल्ल्यांमधून आणि कातडीतूनही ओढलं जातं. बुळबुळीत थरही त्यात निघतो. थोडा वेळ, थोडे दिवस हे त्याला झेपतं. आठवडाभर रोज दोनदा आंघोळ घातली तर कल्ल्यांची टोकं सुकतात, थर जातो, आणि नेमकं बुरशीला हवं तसं दुखावलेलं ऊतक तयार होतं. मग मालक म्हणतो, बुरशी हट्टी आहे, प्रमाण वाढवू या. चक्र इथून पुढे मिठाच्याच जोरावर फिरत राहतं.

म्हणून नियम असा करा: चार दिवस मीठ देऊन फरक नाही तर मीठ बंद. कातडीला त्यापेक्षा सौम्य असा एक पर्याय म्हणजे टबातल्या पाण्यात कोऱ्या काळ्या चहाचं किंवा जंगली बदामाच्या वाळलेल्या पानांचं पाणी, पाण्याला फिकट सोनेरी छटा येईल इतपत. त्यातल्या टॅनिनचा बुरशीला थोडाफार अटकाव होतो. चहा विनासुगंध, विनामसाला हवा. मिथिलीन ब्लू हाही चांगला उपाय आहे, पण त्याचं प्रमाण पशुवैद्याला विचारून ठरवा आणि ते फक्त टबातच वापरा. टाकीत ओतलंत तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील आणि पुढच्या फेरीच्या बुरशीची सोय होईल. माशांसाठी मिळणाऱ्या ज्या औषधांत तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन आहे, ती अ‍ॅक्सोलॉटलसाठी घातक आहेत. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय एक थेंबही नको.

आता टाकीचा तपास

प्राणी टबात सुरक्षित आहे, तेव्हा घाई नाही. टाकीचं पाणी बदलण्याआधी, फिल्टरला हात लावण्याआधी, पाणी आहे तसं तपासा. आधी पाणी बदललंत तर पुरावाच वाहून जातो.

थेंबांची चाचणी वापरा. कागदी पट्ट्या एवढ्या बारीक फरकासाठी भरवशाच्या नाहीत, त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाची चाचणी नसतेच. नायट्रेटच्या चाचणीची दुसरी बाटली जोरात आणि सूचनेत दिलंय तितका वेळ हलवा; ती नीट हलवली नाही की नायट्रेट कमी दिसतं आणि सगळा हिशेब चुकतो.

हवं ते असं: अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास किंवा कमी, ४० च्या वर गेलं तर पाणी बदलायला उशीर झालाय. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा (७ च्या खाली आम्लधर्मी), ७.४ ते ७.६ उत्तम, ६.५ ते ८ चालतं. पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजे जीएच, ७ ते १४ अंश. आणि केएच, म्हणजे आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेट कठीणपणा, ३ ते ८ अंश. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस.

यातलं केएच बहुतेक जण तपासतच नाहीत. परत परत येणाऱ्या बुरशीचं गूढ मात्र कितीतरी वेळा तिथेच उलगडतं.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर

फिल्टरमधल्या स्पंजावर दोन प्रकारचे जिवाणू वाढतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत पूर्ण उभी राहिली की टाकीची सायकल झाली असं आपण म्हणतो. अ‍ॅक्सोलॉटल मांसाहारी आहे, त्याची विष्ठा भरपूर आणि अमोनियाही भरपूर. लहान माशांच्या टाकीत जी वसाहत पुरते ती त्याला पुरत नाही.

सायकल न करताच प्राणी आणला असेल तर कारण उघडच आहे. पण पूर्वी सगळं ठीक होतं आणि मध्येच अमोनिया दिसू लागला, तर स्वतःला हे विचारा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला का? नळातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतं, ते या जिवाणूंनाही सोडत नाही. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, आणि तोही पाण्याचा ओघ मंदावला असेल तरच. स्पंज जुना झाला म्हणून पूर्ण बदलला का? मग वसाहतच फेकली गेली. बदलायचाच असेल तर नवा स्पंज जुन्यासोबत महिनाभर चालवा, मग जुना काढा. वीज बरेच तास गेली होती का? फिल्टर बंद पडला की बंद डब्यात प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरतात. नंतर तो तसाच सुरू केला की आतलं कुजलेलं पाणी टाकीत येतं. टाकीत औषध घातलं होतं का?

आणि एक साधा प्रश्न: लपायच्या नळीखाली, दगडामागे काय आहे? न खाल्लेले गोळे तिथे विरघळत पडलेले असतात, त्यावरच पांढरी बुरशी वाढते आणि प्राणी त्यावर झोपतो. खाणं दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं काढून टाका. लांब नळीची मोठी पिचकारी या कामाला फार सोयीची. प्रौढ अ‍ॅक्सोलॉटलला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुष्कळ झालं, आणि गांडुळासारखं दुसरं अन्न नाही. ते पाण्यात विरघळत नाही, पोषणही पूर्ण देतं.

टाकी लहान असेल तर वरचं सगळं करूनही पाणी टिकत नाही. एका प्रौढाला ७५ लिटर ही अगदी किमान मर्यादा. १५० लिटर असेल तर एखाद-दुसरी चूक पोटात घालायला पाणी शिल्लक राहतं.

पाणी बदललं की दोन-तीन दिवसांत बुरशी: केएचचा घोळ

हा प्रकार समजायला थोडा अवघड आहे, पण ज्यांना ‘मी तर सगळं नियमाने करतो’ म्हणायचंय त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं. ते आम्ल पाण्यातलं केएच खाऊन टाकतं. आठवड्याच्या आठवड्याला पाणी बदललं की केएच भरून निघतं. पण नळाचं पाणीच मृदू असेल, किंवा तुम्ही आरओचं पाणी वापरत असाल, तर भरून निघायला काही नसतंच. केएच शून्याकडे जातं आणि पीएच घसरायला लागतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळपास काम थांबवतात. अमोनिया साठायला लागतो.

गंमत अशी की तेव्हा प्राणी बरा दिसतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक जाळणारा मुक्त अमोनिया, दुसरा त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २० अंशांवर पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या ०.४ टक्के असतो. पीएच ८ झाला की तोच जवळपास ४ टक्के, म्हणजे दहापट. आम्लधर्मी टाकीत मुक्त अमोनिया इतका कमी असतो की चाचणीत एकूण आकडा मोठा दिसूनही कल्ले शाबूत राहतात.

मग एके दिवशी मालक काळजीपोटी अर्धं पाणी बदलतो. समजा पीएच ६.२ होता, नव्या पाण्यामुळे तो ७.६ झाला. एकूण अमोनिया निम्मा झाला हे खरं, पण त्यातला मुक्त वाटा सुमारे पंचवीसपट वाढला. म्हणजे जाळणारा अमोनिया आधीच्या बारा पटींहून जास्त. त्या रात्री कल्ल्यांची टोकं भाजतात, दोन-तीन दिवसांनी त्यावर पांढरे धागे दिसतात, आणि मालकाला वाटतं की पाणी बदलल्याने बुरशी येते. तो पाणी बदलणं लांबवतो. केएच आणखी घसरतं. पुढच्या वेळचा दणका याहून मोठा.

तुमच्या बाबतीत बुरशीचं वेळापत्रक पाणी बदलण्याशी जुळत असेल, तर टाकीतल्या आणि नळाच्या अशा दोन्ही पाण्यांचं पीएच व केएच मोजून शेजारी लिहा. मोठी तफावत दिसली तर उत्तर सापडलं.

दुरुस्ती रिकाम्या टाकीत करायची. प्राणी टबात ताज्या पाण्यात आहे, त्यामुळे तिथे अमोनियाचा धोका नाही. टाकीचं बहुतेक पाणी बदला. केएच वाढवायला साधा खाण्याचा सोडा चालतो: १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम घातला की केएच सुमारे १ अंशाने वाढतं. आधी वेगळ्या भांड्यात विरघळवा, एका दिवशी एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढवू नका. कायमचा उपाय हवा असेल तर पोवळ्याचा किंवा शिंपल्याचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. टाकीच्या तळाशी पसरू नका, अ‍ॅक्सोलॉटल तो गिळेल. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात क्षार घातल्याशिवाय वापरू नका; हा प्राणी मध्यम कठीण पाण्याचा आहे.

उष्णता

अ‍ॅक्सोलॉटलचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातलं सोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर. एकेकाळी झऱ्यांनी भरणारी, थंड पाण्याची तळी आणि कालवे. २० अंशांच्या वर पाणी गेलं की त्याचं शरीर ताणात जातं, २४ च्या वर आजार ठरलेलेच.

उष्णता एकटी येत नाही. २० अंशांवर पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. त्याच पीएचला, त्याच अमोनियाच्या आकड्याला, १८ ऐवजी २६ अंशांवर मुक्त अमोनिया जवळपास पावणेदोन पट होतो. बुरशी आणि जिवाणूही भराभर वाढतात. त्यामुळे फक्त उन्हाळ्यात परतणाऱ्या बुरशीचा उगम शोधायला फार लांब जायला नको.

सकाळी एकदा तापमान बघून भागत नाही. दिवसभरातलं कमाल आणि किमान लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक टाकीत ठेवा. दुपारी चार वाजताचा आकडा बघून पुष्कळांना धक्का बसतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा पंखा बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरवतो. हवा दमट असेल तर कमी. झाकण काढावं लागलं तर वर जाळी लावा. बाष्पीभवनाने पाणी आटतं, ते भरत राहा. बर्फाच्या बाटल्या आणीबाणीला ठीक आहेत, रोजच्या नाहीत. तासाभरात चार अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, हा झोका स्थिर २१ अंशांपेक्षा जास्त त्रास देतो. वर्षातले काही महिने खोली २५ च्या वर राहत असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यावंच लागतं, त्याला दुसरा प्रामाणिक पर्याय नाही.

चावा आणि प्रवाह

पाणी निर्दोष, तापमान १७, तरीही एकाच बाजूच्या कल्ल्यावर बुरशी? सोबती कोण आहे ते बघा. अ‍ॅक्सोलॉटल हलणाऱ्या गोष्टीवर तोंड मारतो आणि शेजाऱ्याचा कल्ला हलतच असतो. लहान वयात तर एकमेकांचे पायही तोडले जातात. मासे सोबत असतील तर उलट होतं, कल्ल्यांचे तंतू त्यांना किड्यांसारखे वाटतात आणि ते कुरतडतात. वेगळं करणं हाच उपाय.

कल्ले सतत पुढच्या बाजूला वळलेले आणि शेपटीचं टोक दुमडलेलं असेल तर प्राणी ताणात आहे. पाण्याचे आकडे बरोबर असतील तर फिल्टरचा झोत भिंतीकडे वळवा, फिल्टरच्या तोंडावर स्पंज लावा किंवा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. तळाशी खडे असतील तर काढा. त्यांच्या फटीत घाण साठते आणि गिळले तर आतडं बंद होतं. मोकळा तळ सगळ्यात सोपा. वाळू हवीच असेल तर एक मिलिमीटरपेक्षा बारीक, तीही प्राणी १५ सेंटिमीटरचा झाल्यावर.

टाकीत परत कधी

बुरशी गेली म्हणून नाही, टाकी तयार झाली म्हणून परत न्यायचं. वसाहत मेली असेल तर रिकाम्या टाकीत शुद्ध अमोनिया घालून २ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत आणा. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं, आणि हे लागोपाठ दोन-तीनदा झालं, की टाकी तयार. शून्यापासून सुरुवात असेल तर चार ते आठ आठवडे धरा. प्राणी आत नाही तोवर पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवलं तर जिवाणू लवकर वाढतात. शेवटी मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा, पाणी १८ अंशांपर्यंत गार करा, मग त्याला सोडा. इतके आठवडे टबात रोज पाणी बदलणं कष्टाचं आहे, हे खरं. पण अर्धवट टाकीत परत सोडणं म्हणजे सगळं पहिल्यापासून.

सोडल्यानंतर पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून दोनदा अमोनिया, नायट्राइट आणि केएच तपासा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, लांबवू नका.

पाणी चांगलं राहिलं तर झडलेले तंतू काही आठवड्यांत पुन्हा फुटू लागतात. नवे तंतू सुरुवातीला आखूड, फिकट, जवळजवळ पारदर्शक असतात, आणि नेमके तेच बघून घाबरलेले मालक पुन्हा मिठाचा डबा काढतात. नीट बघा: नवा तंतू देठावर ओळीने, सारख्या अंतरावर उगवतो आणि दिवसागणिक तांबूस होत जातो, बुरशी एका जागी गोळा होऊन कशाही दिशेने वाढते. शंका असेल तर रोज एकाच कोनातून एक फोटो काढा आणि तीन दिवसांचे फोटो शेजारी ठेवून बघा. तोवर मीठ नको.